झाडाची खतावणी

आपल्या व्यापारी घरांत दिवाळीपूर्वी गोदामातील शिल्लक मालाची मोजदाद होते. पोते अन् पोते मोजले जाते. फाटलेले, ओल लागलेले, कीड लागलेले वेगळे काढले जाते आणि मगच नव्या वहीचे पूजन होते. लग्न होऊन मी या घरात आले, त्याला आता अठ्ठावीस वर्षे झाली. त्यांपैकी वीसहून अधिक वर्षे दुकानाचे हिशेब मी पाहते आहे. मोजण्यात आपली सहसा चूक होत नाही, असा माझा समज होता. तीन वर्षांपूर्वी एका साध्या अर्जाने तो दूर केला.

शहराबाहेर जालना रस्त्याच्या बाजूला आमचे धान्याचे गोदाम आहे. व्यवहार वाढला, तेव्हा जुन्या शेडला जोडून आणखी एक शेड उभारावी असे घरात ठरले. नकाशात नवी शेड जिथे येत होती, नेमके तिथे एक जुने, वाकड्या बुंध्याचे काटेरी झाड उभे होते. शहरी हद्दीतील झाड तोडायचे तर परवानगी लागते. १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाने तसे बंधन घातले आहे आणि दर पाच वर्षांनी झाडांची गणना करण्याची जबाबदारीही याच कायद्याने वृक्ष प्राधिकरणावर सोपवली आहे. अर्ज भरण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. झाडाची जात, बुंध्याचा घेर, अंदाजे वय, झाडांची संख्या. जातीपुढे ‘बाभूळ’ लिहा, असे धाकट्या दिरांनी सांगितले. संख्येपुढे मी ‘१’ लिहिले, आणि का कोण जाणे, हात तिथेच थांबला.

याच आवारात एके काळी दोन झाडे होती, हे मला आठवले.

दुसरे झाड कडुनिंबाचे. फाटकाजवळचा तो निंब बाबूजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, तरुणपणापासूनचा. हमाल दुपारची भाकरी त्याच्याच सावलीत सोडत. चैत्रात त्याच्या फुलांचा मंद वास पार आमच्या टेबलापर्यंत येई. पुढे पावसाळ्यात ट्रक चिखलात रुतू लागले, म्हणून आम्ही सारे आवार काँक्रीटने बांधून काढले. काम नीटनेटके व्हावे म्हणून काँक्रीट थेट बुंध्याला नेऊन टेकवले. पहिल्या वर्षी निंबाची पाने विरळ झाली. दुसऱ्या वर्षी शेंडा वाळला. तिसऱ्या चैत्रात त्याला पालवीच फुटली नाही. ‘त्याचे आयुष्य तेवढेच होते,’ असे आम्ही एकमेकांना सांगितले. त्यावर कुणी कुऱ्हाड उगारली नव्हती. त्यामुळे त्या वर्षीच्या पर्युषणात स्थानकात बसून ‘आमच्या घरात कधी हिरवे झाड तोडले गेले नाही’ असे म्हणताना माझा स्वर जराही कापला नाही.

अर्ज तसाच ठेवून मी मुलाच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांना बोलावले. निदान जात तरी अचूक लिहावी, एवढाच हेतू होता. सर आले, त्यांनी एक डहाळी हातात घेतली आणि ही बाभूळही नव्हे आणि बांधावर माजणारी वेडी बाभूळही नव्हे, असे सांगितले. वेडी बाभळीचे काटे पानांच्या बेचक्यात, बहुधा जोडीने येतात. या झाडाचे काटे लहान, आखूड आणि दोन पेरांच्या मधल्या भागावर विखुरलेले होते. ‘ही शमी. आपल्याकडे हिला सौंदड म्हणतात,’ सर म्हणाले. ‘आणि तुमच्या मारवाडात हिलाच खेजडी म्हणतात.’

घरी येऊन मी ही गोष्ट दादीजींना सांगितली. माझ्या आजेसासूबाई तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या होत्या. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी विचारले, ‘खेजडी? आपल्या गोदामात? आणि तुम्ही ती तोडायला निघालात?’

मग त्यांनी जे सांगितले, ते आमच्या पिढीपर्यंत कधी पोहोचलेच नव्हते. विक्रम संवत १९५६ म्हणजे इसवी सन १८९९-१९०० मध्ये मारवाडात जो दुष्काळ पडला, त्याला तिकडे ‘छप्पनिया’ म्हणतात. दादीजींचे सासरे तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. घरातले धान्य संपले, जनावरे गेली. तेव्हा लोकांनी खेजडीची साल वाळवून दळली आणि त्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या. आमच्या घरानेही खाल्ल्या. त्यानंतर ते कुटुंब दक्षिणेकडे निघाले आणि फिरत फिरत या मुलखात स्थिरावले. ‘त्या झाडानं जगवलं म्हणून तुम्ही आहात,’ दादीजी म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असते, तेव्हा आपल्या घरांतून केर-सांगरीची भाजी होते. ती सांगरी म्हणजे याच झाडाच्या कोवळ्या शेंगा. आज बाजारात सुक्या सांगरीचा भाव बदामाशी स्पर्धा करतो. जोधपूरहून मागवलेली सांगरी आम्ही तोलून-मापून वापरत होतो, आणि तिचे झाड आमच्याच दारात ‘बाभूळ’ या नावाने मृत्यूच्या अर्जावर चढले होते!

मराठवाडा हे वाळवंट नव्हे. जैसलमेरकडे वर्षाला सुमारे २०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे त्याहून पुष्कळ अधिक. परंतु आपला प्रदेश पर्जन्यछायेतला. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते आपण सर्वांनी पाहिले. अशा प्रदेशात झाडाकडे कसे पाहावे, हे मरुभूमीकडून शिकण्यासारखे आहे. तिथे झाडे थोडी आणि एकेका झाडावर अवलंबून असणारे जीव फार.

खेजडीचे सोटमूळ पाण्याच्या शोधात जमिनीत फार खोल उतरते. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात, इतर झाडे उघडीबोडकी असताना, तिला नवी पालवी फुटते. तिच्या मुळांच्या संगतीने हवेतील नत्र जमिनीत मुरतो, म्हणून तिच्याखाली बाजरी जोमाने येते आणि मारवाडी शेतकरी शेतात खेजडी राखतो. तिचा पाला उंट-शेळ्यांचा चारा, शेंगा माणसांचे अन्न. १७३० मध्ये जोधपूरजवळील खेजडली गावात राजाची माणसे चुन्याच्या भट्टीसाठी लाकूड तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी बिश्नोई यांनी खेजडीला मिठी मारून प्राण दिले. त्यांच्यामागून एकूण ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी बलिदान केले. ही कथा पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्याच राजस्थानात, खेजडी हा राज्यवृक्ष असूनही, अलीकडच्या काळात कुऱ्हाडीवाचूनही अनेक खेजड्या वाळल्या, हे फारसे ठाऊक नसते. शास्त्रज्ञांना त्यामागे मुळे पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या, मुळांवरील बुरशी, वर्षानुवर्षांची बेसुमार छाटणी आणि खोल गेलेले भूजल अशी कारणे आढळली. झाड एकाएकी मरत नाही. ते मरू लागल्याचे आपल्या ध्यानात उशिरा येते, एवढेच. सरांच्या तोंडून हे ऐकताना मला आमचा निंब दिसत होता.

शेडचे काम एक वर्ष पुढे ढकलावे, अशी विनंती मी बाबूजींना केली. दिरांना ते रुचले नाही आणि त्यांचे म्हणणे चुकीचेही नव्हते. भाड्याच्या गोदामावर दरमहा पैसे जात होते. ‘भाभीजी, एका झाडासाठी एवढे?’ त्यांनी विचारले. ‘ते एकच आहे का, तेवढे मला मोजू द्या,’ असे मी म्हटले. बाबूजींनी वर्षाची मुदत दिली.

मी एक लाल वही आणली. आपल्या जुन्या रिवाजाप्रमाणे डावी बाजू जमेची, उजवी नावेची. झाडाकडून जे आले ते डावीकडे, आपण झाडाचे जे केले ते उजवीकडे. सरांच्या सांगण्यावरून पहिल्या पानावर झाडाची प्रकृती लिहिली : जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याचा घेर, फांद्यांचा पसारा किती पावले, कोणत्या फांद्या वाळलेल्या, ढोली कुठे, साल कुठे सुटलेली, खिळे आणि तारा किती. खिळे अकरा निघाले. त्यांतील एकावर आमच्याच दुकानाची पाटी होती. उजव्या बाजूची पहिली नोंद तीच झाली.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा, सकाळी अर्धा तास, मी आणि मुलगा झाडाखाली बसू लागलो. चैत्रात बारीक पिवळ्या तुऱ्यांवर सकाळी सातच्या आत मधमाश्या आल्या. त्यांच्यामागे इवला शिंजीर आला. वैशाखात आवारात उभे राहवेना, तेव्हा हमाल, दोन कुत्री आणि शेजारच्या वस्तीवरच्या शेळ्या एकाच सावलीत बसलेल्या आढळल्या. खाली पडलेल्या शेंगा शेळ्यांनी वेचल्या. बुंध्यावरून मुंग्यांची अखंड रांग चढत होती, सालीच्या भेगांत कोळी होते, खारींची ये-जा होती. पहिल्या पावसानंतर सातभाई पक्ष्यांचा थवा पाचोळा उलथापालथा करीत किडे शोधू लागला. तो पाचोळा रोज झाडून पेटवण्याची आमच्याकडे पद्धत होती. अग्निकायाचा आरंभ तर होतच होता, पण त्या पानांत किती त्रसजीव जळत होते, हे मी तोवर पाहिलेच नव्हते. ती नोंदही उजवीकडे गेली.

एकदा फुलांच्या जागी गाठी दिसल्या. मी घाबरले आणि फवारणीवाल्याला बोलावणे पाठवले. सरांनी वेळीच थांबवले. सूक्ष्म कीटक आणि कोळीवर्गीय जीव या झाडावर अशा गाठींत आपले घर करतात, झाड ते सोसते, आणि औषध मारले तर गाठींआधी मधमाश्या मरतील, असे त्यांनी समजावले. काळजी घेणे म्हणजे प्रत्येक वेळी काहीतरी करणे नव्हे, पुष्कळदा हात आवरणे असते, हे मला त्या दिवशी उमगले.

ढोलीत पिंगळ्याचे जोडपे राहत होते. धान्याच्या गोदामात उंदीर असायचेच. हमाल त्यांच्यासाठी चिकटपट्ट्या लावत, आणि त्यावर तडफडणारा जीव दिसला की मी मान वळवून पुढे जात असे. ढोलीखाली सापडलेल्या गोळ्या सरांनी फोडून दाखवल्या. त्यांत उंदरांची बारीक हाडे होती. पिंगळा त्याच्या स्वभावाने जगतो, त्याच्या कृत्याचा हिशेब माझ्याकडे नाही. चिकटपट्टीचा मात्र माझ्याकडे होता. पट्ट्या आम्ही बंद केल्या, पोती जमिनीपासून उंच फळ्यांवर ठेवली आणि भिंतींची भोके बुजवली. उंदीर संपले नाहीत, पण कमी झाले.

वर्षअखेरीस मोजले, तेव्हा नुसत्या डोळ्यांना दिसलेले एकतीस प्रकारचे जीव वहीत होते. अर्जातील ‘१’ हा आकडा खोटा नव्हता. पण पोत्यांनी भरलेल्या गोदामापुढे ‘इमारत, नग एक’ एवढेच लिहावे, तसा तो होता.

हे आपल्याला शिकवायला बाहेरून कुणी यावे, याची मला लाज वाटली. वनस्पतिकायातील जीव एकेंद्रिय आहे, त्याला जन्म आहे, वाढ आहे, आघाताची संवेदना आहे, हा विचार आचारांगाच्या पहिल्याच अध्ययनात येतो. वड, पिंपळ, उंबर आदी पाच उदुंबर फळे श्रावकाला वर्ज्य आहेत. लहानपणी मला तो केवळ खाण्याचा नियम वाटे. वस्तुतः या फळांच्या आत इवल्या कीटकांचा संसार चालतो. त्या कीटकांवाचून फळात बी धरत नाही आणि त्या फळांवाचून कीटकांचा वंश चालत नाही. फळ म्हणजे वस्ती आहे, हे ज्यांनी ओळखले, त्यांनी झाडाकडे किती बारकाईने पाहिले असेल! वेरूळच्या बत्तिसाव्या लेण्यात, इंद्रसभेत, अंबिकादेवी आंब्याखाली बसलेली आहे. शिल्पकाराने तो आंबा नुसता बुंधा आणि पाने असा कोरला नाही. तो फळांनी लगडलेला आहे. शाळेच्या सहलीपासून ते शिल्प मी अनेकदा पाहिले, पण त्या झाडाकडे नीट पाहिले ते ही वही भरू लागल्यावर.

आणि ‘आम्ही कधी झाड तोडले नाही’ या माझ्या वाक्याचे काय? तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर, बेसावधपणावर बोट ठेवले आहे. शस्त्र उचलले का, एवढाच प्रश्न तिथे नाही. झाडाच्या अन्नपाणी शोषणाऱ्या बारीक मुळ्या बहुतांशी जमिनीच्या वरच्या दोन-अडीच फुटांत, फांद्यांच्या पसाऱ्याच्याही पलीकडे पसरलेल्या असतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. काँक्रीट बुंध्याला भिडवले की त्या गुदमरतात. दिल्लीतील झाडांभोवती निदान एक मीटर जागा मोकळी करावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिला, तो याच कारणाने. आम्ही त्या निंबाचा श्वास कोंडला होता. आम्हाला ठाऊक नव्हते हे खरे, पण तीन वर्षे तो आमच्या डोळ्यांसमोर वाळत असताना आम्ही विचारलेही नाही. प्रमाद याहून वेगळा काय असतो?

मुदत संपली. रविवारी सर्वजण बसलो. मी वही बाबूजींच्या हाती दिली. त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे शेवटचे पान आधी पाहिले, मग पहिल्यापासून सारी वाचली. दिरांनी नकाशा पुन्हा मांडला. शेड अखूड करावी लागेल, दोनशे पोत्यांची जागा जाईल, ट्रक मागच्या बाजूने घ्यावे लागतील, असा तोटा त्यांनी स्पष्ट सांगितला. तो तोटा खरा आहे आणि आजही आम्ही तो सोसतो आहोत. बाबूजी एवढेच म्हणाले, ‘ज्याचे खाल्ले त्याचे देणे असते.’ अर्ज कोराच राहिला.

त्यानंतर आम्ही झाडाभोवतीचे काँक्रीट फांद्यांच्या सावलीइतके तोडून काढले. खिळे आणि तारा हलक्या हाताने काढल्या. पाचोळा आता झाडाखालीच आच्छादन म्हणून राहतो. वाटेवर झुकलेली एक वाळकी फांदी तेवढी कापली. बाकीच्या वाळक्या फांद्या, धोका नसल्याने, पक्ष्यांसाठी ठेवल्या. ही कापणी पिल्ले उडून गेल्यावरच केली. खेजडीला रोज पाणी घालण्याचा मोह आवरला, कारण काळ्या जमिनीत साचलेले पाणी तिला उन्हापेक्षा अधिक अपाय करते. दिवाळीला तिच्यावर दिव्यांच्या माळा चढवणे बंद झाले. झाड वाचले, असे मात्र मी अजून म्हणत नाही. एका बाजूची साल पोकळ वाजते. सर म्हणतात, आणखी तीन-चार वर्षे पाहावे लागेल. म्हणून वही चालू आहे.

आपल्यापैकी अनेकांची गोदामे, कारखाने, शेते, धर्मशाळा आहेत. चिकलठाण्यात, वाळूजमध्ये, शेंद्र्याला आहेत. वाचक बंधू-भगिनींना माझी विनंती एवढीच, की यंदाच्या दिवाळीत मालाची मोजदाद कराल, तेव्हा आवारातील प्रत्येक झाडासाठी एक पान उघडा. त्याचे खरे नाव जाणकाराकडून विचारून घ्या. बुंध्याशी मोकळी माती किती आहे, ते पाहा. खिळे मोजा. मग सकाळी अर्धा तास नुसते बसा. पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना २०२१ पासून आपल्या राज्याच्या कायद्याने वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. तुमच्या आजोबांच्या हातचे एखादे झाड त्यात बसत असेल. कायद्याची गणना पाच वर्षांनी होते. आपल्याला रोज करता येते.

दादीजी गेल्या वर्षी गेल्या. त्याआधीच्या ज्येष्ठात मुलाने आमच्याच झाडाच्या काही कोवळ्या शेंगा खाली वाकलेल्या फांदीवरून आणल्या होत्या. दादीजींनी त्या हातात घेऊन बराच वेळ चाचपल्या. भाजी करू का, असे मी विचारले. ‘या राहू दे. शेळ्यांना घाल,’ त्या म्हणाल्या.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणात आपण चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागतो. त्यांत दहा लक्ष प्रत्येक वनस्पतिकाय आणि चौदा लक्ष साधारण वनस्पतिकाय असे आकडे येतात. व्यापाऱ्याची सून असूनही हे आकडे मी वर्षानुवर्षे न मोजता उच्चारत आले. आता तिथे आले की मी क्षणभर थांबते. फाटकाजवळचा निंब डोळ्यांसमोर आणते आणि मनातल्या मनात त्याला मिच्छामि दुक्कडं म्हणते.